नग एक

तपासणी गुरुवारी. म्हणून केपेच्या कॉलेजातलं
मागचं कपाट आज तळापर्यंत उघडलं.
आपोलिना बरण्या पुसून देते, मी वहीत लिहितो:
फुरसं, नग दोन. समुद्रघोडा, नग तीन, एक मोडका.
मग अंगठ्याएवढं काहीतरी, शेपटीची गुंडाळी,
डोळे चेहऱ्याच्या मानाने फारच मोठे.
लिहिलं: नग एक.

बरणीवर चिठ्ठीवर चिठ्ठी.
सगळ्यांत खाली पुसट पोर्तुगीज शाई: रातु.
तिच्यावर टंकलेलं: उंदीर, परदेशी.
वर माझ्या आधीच्या सरांचं प्रश्नचिन्ह,
नुसतं प्रश्नचिन्ह, आणि खाली सही.

"हो हुंदीर न्हय, सर," आपोलिना म्हणाली.
"मागच्या पायाची दोन बोटं बघा,
एकाच कातडीत शिवलेली. नखं मात्र दोन.
केस विंचरायला असतील."
वीस वर्षं ती नुसत्या बरण्या पुसते
असं मी समजत होतो.

भिंग घेतलं. दोन बोटं, एक कातडी.
खालच्या जबड्यातून पुढे झुकलेले दोन दात.
पोटावर एक चीर, चोरखिशाला असते तशी.
पिग्मी पॉसम. मादी.

मग मला वर्गात असल्यासारखं बोलायला सुचलं.
की पॉसम हे नावसुद्धा उसनं,
अमेरिकेतल्या भलत्याच प्राण्याचं.
की पंडितांनी आधी याला
थोरल्या पॉसमांच्या घरात पोटभाडेकरू ठेवलं,
मग पिसासारख्या शेपटीच्या, तरंगत उतरणाऱ्या
एका जिवाशी भावकी जोडली, मग तीही मोडली,
शेवटी कुळ वेगळं काढून दिलं. त्यात पाच जाती, बस.
त्यांतली एक आधी गुहेतल्या जबड्यावरून ओळखलेली,
संपलेल्यांत जमा. सत्तर वर्षांनी
डोंगरातल्या बर्फात, माणसांच्या एका खोपीत
ती जिवंत सापडली.

"सत्तर?" आपोलिनाने फडकं पिळलं.
"आमी गावडे. दोन हजार तीन साली यादीत आलो.
पत्र आलं तेव्हा आईला जाऊन चार महिने झालेले.
ती काय, यादीत नसतानाही नाचणी पेरायचीच."
आणि पुढची बरणी उचलली.

हे इथे आलं कसं, तेही तिलाच ठाऊक.
चांदरचा दियोग तार्वटी. होबार्टच्या धक्क्यावर
सफरचंदांच्या पेट्या चढवल्या, गार तळघरात रचल्या.
एका पेटीत, लाकडाच्या भुशात, हे.
गोटीसारखं गोल, खड्यासारखं थंड, कान दुमडलेले.
मेलं म्हणून त्याने फेणीच्या बाटलीत घातलं,
घरी पोरांना दाखवलं, मग शाळेला दिलं,
शाळेने आम्हांला. स्पिरिट मिळेना त्या साली
आपोलिनाने वर हुर्राक ओतली होती.
"चढली नाय त्याका," ती हसली.

मी हसलो नाही.
थंडीत ही अशीच झोपतात. गोल, गार,
श्वास इतका विरळ की आरशावर वाफ धरत नाही.
दिवसचे दिवस. मग ऊब लागली की
आतून थरथर सुरू होते आणि डोळे उघडतात.
यातलं निम्मं मी तिला सांगितलं.
निम्म्यावर तिने फडकं खाली ठेवलं.

चिमट्याने ती चीर जरा सैल केली.
आत भाताचे दाणे. चार.
प्रत्येक दाण्याला तोंड, तोंडाला आई.

वहीत वर्ग, गण, कुळ, सगळं नीट भरलं.
नग या रकान्याशी पेन थांबलं.
एक खोडून पाच करावं,
की चारांना निराळ्या ओळी द्याव्यात,
आणि मग त्यांच्या चिठ्ठ्या कुठे डकवाव्यात.

आपोलिना खिडकीचा पडदा ओढत होती.
"वेगळ्या नकोत," ती म्हणाली,
"आवयच्या नावावर असूं देत."

गुरुवारी समिती आली.
नळ चालतात का ते पाहिलं, काजू खाल्ले.
कपाट कुणी उघडलं नाही.